कातळ परवडला, माती नको

उमरी स्टेशनातून मुदखेडकडे निघा किंवा धर्माबादकडे, गाडी सपाट काळ्या रानातून जाते. बोगद्याशी या भागाचा संबंध नाही, पण माती कशी वागते हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. पावसात काळी जमीन फुगते, वैशाखात तिला भेगा पडतात आणि घरांच्या भिंतींना तडे जातात. बोगदा खणणाऱ्याच्या डोक्यावर, पायाखाली आणि दोन्ही बाजूंना अशीच बेभरवशाची जमीन असू शकते.

काळी माती फुगते ती पाणी पिऊन. डोंगराच्या पोटातला कमकुवत खडक मात्र पाण्याविनाही आत सरकतो. वरच्या डोंगराचे वजन पेलण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. पोकळी मिळताच तो हळूहळू तिकडे सरकू लागतो. कार्ल टेरझागी यांनी 1946 मध्ये बोगद्यातल्या जमिनीचे प्रकार मांडताना फुगणारी आणि दाबत येणारी जमीन वेगळी दाखवली. दाबत येणाऱ्या जमिनीत आज खणलेला बोगदा काही आठवड्यांत अरुंद होतो, पोलादी कमानी वाकतात, तळ वर येतो. आल्प्समधला सिंप्लॉन बोगदा 1906 मध्ये सुरू झाला. त्यातला असा जेमतेम 42 मीटरचा पट्टा पार करायला कित्येक महिने लागले.

आपल्याकडे मऊ जमिनीचा खरा धडा कोकण रेल्वेने दिला. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. सह्याद्रीच्या कातळासाठी स्वीडनहून यंत्रे आली आणि साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदाही पार पडला. काम अडले ते मातीतल्या नऊ बोगद्यांत. वरचा जांभा खडक सच्छिद्र, कोकणातला पाऊस त्यातून झिरपून खालच्या चिकणमातीत साचतो. अशी भिजलेली माती खणली की ती दाबत येण्याची वाट पाहत नाही, सरळ कोसळते. पेडण्याला, गोव्याच्या उत्तर टोकाशी, हेच पुन्हा पुन्हा घडले. खणलेले बुजायचे, ते उपसून पुन्हा खणायचे. यंत्रांचा उपयोग नव्हता. माणसांच्या हातांनी थोडे थोडे पुढे सरकायचे. या मातीच्या बोगद्यांनीच चार वर्षे खाल्ली आणि 19 जीव घेतले. संपूर्ण मार्गावर 74 जण गेले. कोकण रेल्वेचे कौतुक करताना पुलांची उंची आपण हौसेने सांगतो. मृत्यूंचा हा आकडाही तितक्याच ठळकपणे सांगायला हवा, असे मला वाटते.

अशा जमिनीत कामाची शिस्तच वेगळी असते. पुढच्या मातीत आधी छत्रीसारखे पाइप ठोकायचे, मग वरचा अर्धा भाग हात-दोन हात खणायचा, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, कमान उभी करायची. नंतर खालचा भाग. तळाकडची कमान जोडून कडे पूर्ण होईपर्यंत धोका टळत नाही. भिंती रोज किती आत आल्या हे मोजायचे आणि त्या आकड्यावरून पुढचा आधार ठरवायचा. खोल डोंगरात आणखी एक पेच असतो: आधार फार ताठ दिला तर तो मोडतो, फार सैल दिला तर जमीन सुटते. म्हणून काही ठिकाणी थोड्या सरकणाऱ्या कमानी मुद्दाम वापरतात.

कोकणातला हा अनुभव पुढे हिमालयात गेला. उधमपूर–कटरा मार्गावरच्या पहिल्या बोगद्यात जमीन दाबत आली, पाणी शिरले. त्या मार्गावर गाडी धावली ती जुलै 2014 मध्ये. कटऱ्यापुढचे काम कोकण रेल्वेकडेही होते. तिथे त्रिकुटा डोंगराच्या पायथ्याचा सुमारे 3.2 किलोमीटरचा 33 क्रमांकाचा बोगदा भूगर्भातल्या मोठ्या भ्रंशाच्या चिरडलेल्या पट्ट्यातून जातो. त्यानेच सर्वांत जास्त वाट पाहायला लावली. 6 जून 2025 रोजी श्रीनगरची रेल्वे देशाशी जोडली गेली.

खोदाई संपली तरी बोगद्याची काळजी संपत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये पेडणे बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला, गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै 2024 मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल आला, वाहतूक पुन्हा थांबली. बोगद्याच्या बांधकामाला उद्घाटन असते, पाण्याचा निचरा करणाऱ्या चरांना आणि नळ्यांना नसते. त्यामुळे पैसा आधी त्यांचाच कापला जाण्याची भीती असते. पावसाळ्यापूर्वी पेडण्याच्या माथ्यावरचे पाणी कुठे वळवले, अस्तरामागच्या नळ्या किती वाहत्या आहेत, हे प्रवाशांनी रेल्वेला दरवर्षी विचारायला हवे.