सेल्फ फिरतो, गाडी उठत नाही

फिटनेसची फी वाढल्यापासून जुन्या पिकअपवाल्यांचा हिशेब कोलमडला आहे. वाढीव शुल्काची रेषा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये १५ वर्षांवरून १० वर्षांवर आणली आणि 'आता विकूनच टाकू' ही भाषा सुरू झाली. त्यात थंडी. सिल्लोड-फुलंब्रीकडून भाजीपाला भरून पहाटे हर्सूलमार्गे जाधववाडीचा मोंढा गाठायचा, तर गाडी सुरू व्हायलाच वेळ खाते. मालक म्हणतो, वय झालं. गॅरेजवाला म्हणतो, बॅटरी टाका.

दोघांचंही चटकन मान्य करू नये. बॅटरीचा दोष कानाला कळतो: सेल्फ जड, रेंगाळत फिरतो किंवा नुसतं 'टक' होतं. मीटर लावा. उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या वर दिसणारा आकडा सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरीवर संशय घ्या. आकडा टिकूनही सेल्फ जडच असेल, तर आधी टर्मिनल आणि इंजिनाची अर्थिंग घासून पाहा. ही काळवंडलेली अर्थिंग कितीतरी चांगल्या बॅटऱ्यांना भंगारात धाडते.

सेल्फ जोरात फिरतोय, तरी इंजिन पकडत नाही? मग सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. ज्या गाडीला हीटर प्लग आहेत तिथे ते तपासा, नंतर कॉम्प्रेशन. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही, आणि जुन्या गाडीत याचं नेहमीचं कारण म्हणजे 'एअर घेणं'.

हा दोष मोठा लबाड. टाकी खाली, पंप वर. मधली नळी डिझेल ओढून घेणारी. तिच्यात बारीक फट पडली तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा मात्र आत शिरते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं. खाली डाग नाही, वास नाही, आणि दिवसभर गाडी एका सेल्फवर सुरू. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हँडपंप कडक होईपर्यंत दाबा. लगेच उठली, तर चोर सापडला. जुने डिझेल मिस्त्री पंपाआधी पारदर्शक नळी जोडून बुडबुडे बघतात आणि एकेक जोड तपासत टाकीकडे सरकतात. त्याहून नामी युक्ती डब्याची: पंपाला टाकीऐवजी वर टांगलेल्या डब्यातून डिझेल द्यायचं. गाडी नीट उठली की पंप निर्दोष. मग खर्च एखाद्या वॉशरचा नाहीतर रबरी नळीचा.

उलट, थंड असताना उठणारी गाडी तापल्यावर अडत असेल तर रोटरी पंपावर ओलं फडकं टाकून बघतात. गार होताच उठली, तर पंप झिजलाय. तिथे मात्र खिसा मोकळा करावा लागतो. कॉमन रेल गाड्यांचं गणित निराळं. तिथे स्कॅनर हवा, आणि इंजेक्टरची रिटर्न गळती बाटल्यांत मोजायला हवी.

एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरणं किंवा हीटर प्लगच्या गाडीत ईथरचा स्प्रे मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आग लागते, पिस्टन फुटतात.

आपल्याकडे निदानाचे वेगळे पैसे कुणी देत नाही, म्हणून मिस्त्रीलाही पार्ट बदलणंच परवडतं. तासाभराच्या तपासणीची मजुरी आधी ठरवा आणि गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला लावून या. चालवत नेलेल्या गरम गाडीत सकाळचा दोष सापडत नाही.