नदीची वाट सारंगाला ठाऊक, परवाना मात्र साहेबाकडे

कोकणात सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावे आजही घरोघर आढळतात. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त जहाजावरील नोकरांची जी यादी दिली आहे, तिच्यात नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सरहंग हे सारे हुद्दे आहेत. यातील मुअल्लिमला समुद्राची खोल व उथळ ठिकाणे माहीत असावीत, त्याला ताऱ्यांचे ज्ञान असावे, जहाज मुक्कामी नेण्याची जबाबदारी त्याचीच, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे वाट दाखविणाऱ्याचा दर्जा त्याच्या इल्मवरून ठरत असे. हा इल्म सरकारी कागदावर कसा उतरला आणि कागद कोणाच्या हाती गेला, हे पाहण्यासाठी आपल्याला बंगालमध्ये हुगळी नदीवर जावे लागेल.

समुद्रातील सँडहेड्सपासून कलकत्त्यापर्यंतचा मार्ग सुमारे 220 किलोमीटरचा. वाटेत वाळूचे पट्टे असून ते सतत जागा बदलतात. काल जेथे खोल पाणी होते तेथे आज जहाज रुतेल. दामोदर आणि रूपनारायण या नद्या जेथे हुगळीला मिळतात, तेथील ‘जेम्स अँड मेरी’ नावाचा वाळूचा पट्टा तर खलाशांच्या तोंडी भीतीचा विषय होता. 1694 मध्ये तेथे बुडालेल्या जहाजावरून हे नाव पडल्याचे सांगतात. येथे टेकलेले जहाज भरतीच्या जोराने कलंडले की माल आणि माणसे दोन्ही जात. बंगालीत अशा वाटाड्याला ‘आडकाटी’ म्हणत. आपल्या मराठी कानाला हा शब्द अडथळ्यासारखा वाटेल, पण तिकडे अडथळ्यातून सोडविणारा तो आडकाटी! (चहाच्या मळ्यांसाठी मजूर गोळा करणाऱ्या दलालालाही हाच शब्द लावत, ही गोष्ट वेगळी.)

ईस्ट इंडिया कंपनीने 1668-69 च्या सुमारास या नदीसाठी स्वतःचे पायलट तयार करण्यास सुरुवात केली. त्यातूनच पुढे बंगाल पायलट सर्व्हिस उभी राहिली. पाण्याची खोली मापणाऱ्या लेड्समनपासून चढत चढत माणूस ब्रँच पायलटपर्यंत पोहोचे आणि त्यात बरीच वर्षे जात. पायलटने कर्तव्यात कसूर केल्यास त्याच्यावर खटला चालविण्यासाठी 1859 मध्ये स्वतंत्र कलकत्ता पायलट कायदा करण्यात आला. एका नोकरीसाठी एक कायदा! यावरून या माणसांवर किती व्यापार अवलंबून होता, हे लक्षात येते. ताग, तांदूळ, चहा, अफू, सर्व काही याच वाटेने बाहेर जात होते.

बंदरांसाठी 1855, 1875 आणि 1889 मध्ये कायदे झाले. त्यानंतर 1908 चा भारतीय बंदर कायदा आला. त्याच्या कलम 31 प्रमाणे, ज्या बंदरांना हे कलम लागू केले असेल तेथे दोनशे टन किंवा त्याहून मोठ्या जहाजाने पायलट किंवा बंदराचा अधिकारी बरोबर घेतल्याशिवाय आत येणे, बाहेर जाणे किंवा जागा बदलणे हा गुन्हा होता. दंड दोनशे रुपयांपर्यंत. मात्र अर्ज करूनही पायलट मिळाला नाही, तर कप्तान सुटत असे. विशिष्ट मापापर्यंतच्या शिडाच्या जहाजांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे होता.

कलम 35 पैशाचे. पायलटची फी सरकार ठरवील त्या दराने घ्यायची आणि खास प्रसंगी सरकारच ती माफ करू शकेल. जहाजमालक व पायलट यांच्यात घासाघीस नको, हा हेतू योग्यच होता. सँडहेड्सला वादळात अडकलेल्या कप्तानाकडून कोणी काय वसूल केले असते, याची कल्पनाच केलेली बरी. हुगळीवर फीचा हिशेब जहाज पाण्यात किती फूट बुडते त्यावर होई. माल जास्त तर जहाज खोल, जहाज खोल तर धोका जास्त आणि फीही जास्त. अखेर हा खर्च भाड्यातून मालाच्या व्यापाऱ्यावरच पडे, आणि दर ठरविताना त्याला विचारण्याची सक्ती या कलमात नव्हती.

आता परवान्याकडे वळू. कलमांत वर्णाची अट कोठेही नव्हती. ती भरतीत होती. बंगाल पायलट सर्व्हिसमध्ये फार काळ जवळजवळ सर्व युरोपियनच होते. इंग्लंडमधील ‘कॉन्वे’ व ‘वूस्टर’ या प्रशिक्षण जहाजांवरील मुले तेथे घेतली जात. 1927 मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले, तेव्हा कोठे हिंदी मुलांना त्या दिशेने वाट मिळाली.

याच बंगालच्या आतल्या नद्यांवर चित्र वेगळे होते. तेथील आगबोटी चालविणारे सारंग बहुतेक चितगाव, नोआखाली, सिल्हेटकडचे मुसलमान. 1884 च्या आणि नंतर 1917 च्या अंतर्गत आगबोट कायद्याने त्यांना परीक्षा व प्रमाणपत्र दिले. फारसीतला ‘सरहंग’ इंग्रजी कायद्यात ‘सेरंग’ म्हणून आला खरा, पण मास्टरच्या खालच्या पायरीवर. इंजिनाची ताकद वाढली की वरचे प्रमाणपत्र लागे. दारूबाजी, गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता चौकशीत सिद्ध झाल्यास प्रमाणपत्र काढून घेतले जाई. ब्रह्मपुत्रेवर कंपन्या ठरावीक टप्प्यापुरते स्थानिक वाटाडे घेत. आपला टप्पा संपला की तो उतरे आणि दुसरा चढे. भाडे मात्र कंपनी ठरवी. त्यावर कमाल व किमान मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो 1930 च्या दुरुस्तीने.

1917 च्या कायद्याची जागा 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली आहे. 1908 चा कायदा रद्द करणारा नवा बंदर कायदा संसदेने 2025 मध्ये मंजूर केला. मोठ्या बंदरांचे दर ठरविण्यासाठी 1997 मध्ये वेगळे प्राधिकरण नेमले होते. 2021 च्या कायद्याने ते काम बंदरांच्या मंडळांकडे दिले.

कोकणातील जे तरुण खाडीत बापाबरोबर होडी चालवून मोठे झाले, त्यांच्यापुढे कागदाचा प्रश्न आजही आहे. मोठ्या बंदरात पायलट व्हायचे तर सहसा परदेशगामी जहाजाच्या मास्टरचे प्रमाणपत्र मागतात, आणि तिथपर्यंत पोहोचायला वर्षे व पैसा दोन्ही लागतात. लाँच किंवा खाडीतील जलयान चालविण्याच्या परीक्षा मात्र महाराष्ट्र सागरी मंडळ घेते. त्यासाठी बोटीवर काम केल्याच्या नोंदी लागतात. होडी घरचीच असली तरी या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. अनेक मुलांचा अर्ज अडतो तो नेमका येथेच.