अलमट्टीच्या उंचीवाढीला विरोध का? पंचगंगाकाठच्या चिंतेमागचे जलशास्त्र

इचलकरंजी : कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्याच्या प्रस्तावास कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतून तीव्र विरोध होत आहे. पूरग्रस्त शेतकरी, पूरनियंत्रण कृती समित्या आणि नद्यांचे अभ्यासक या विरोधात एकत्र आले आहेत. धरण दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आणि परराज्यात असताना त्याच्या उंचीची काळजी इचलकरंजीने का करावी, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर नदीच्या उतारात आणि पाणी अडविण्याच्या वेळापत्रकात आहे.

धरणाचा पूर्वेतिहास

विजापूर व बागलकोट जिल्ह्यांच्या सीमेवर कृष्णेवर उभ्या असलेल्या या धरणाची कोनशिला १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली. धरणाची उंची हा पुढे कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यातील वादाचा विषय झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठविण्यास परवानगी दिली. या पातळीला धरणात सुमारे १२३ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर.

न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने डिसेंबर २०१० मध्ये ५२४.२५६ मीटर पातळीस मान्यता दिली. त्यामुळे साठ्यात सुमारे शंभर टीएमसीची भर पडणार आहे. मात्र, सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ मधील आदेशामुळे लवादाचा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध होण्याचे थांबले आणि उंचीवाढही रखडली. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने भूसंपादनाच्या मोबदल्याचे दर निश्चित केल्याने हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. त्यानुसार बागायती जमिनीस एकरी ४० लाख व जिरायती जमिनीस ३० लाख रुपये दिले जाणार आहेत. कर्नाटकातीलच ७५ हजारांहून अधिक एकर जमीन या वाढीव पाण्याखाली जाणार आहे.

फुगवटा म्हणजे काय?

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांचे पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापूर व इचलकरंजीवरून वाहत जाते आणि नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. त्यापूर्वी सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेत वारणा मिसळलेली असते, तर कोयनेचे पाणी कराडपासूनच तिच्यात आलेले असते. दूधगंगाही पुढे सीमेलगत येऊन मिळते. घाटमाथ्यावरून वेगाने उतरणाऱ्या या सर्व नद्या शिरोळ तालुक्यात पोहोचतात, तेव्हा जमिनीचा उतार अत्यंत कमी झालेला असतो.

कृष्णा दुथडी भरून वाहत असेल, तर पंचगंगेचे पाणी तिच्यात सहज शिरू शकत नाही. ते मागे तुंबते आणि इचलकरंजीपर्यंत पसरते. यालाच फुगवटा म्हणतात. कोल्हापुरात पाऊस उघडल्यानंतरही इचलकरंजी आणि शिरोळमधील पूर लवकर ओसरत नाही, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. नदीवेस परिसरातील रहिवासी दर पावसाळ्यात स्थलांतराची तयारी ठेवतात, ती याच अनुभवातून.

विरोधकांचा युक्तिवाद येथून सुरू होतो. धरणातील स्थिर पाण्याची पातळी वाढली, की त्याचा फुगवटा नदीत अधिक वरपर्यंत येतो. प्रवाहाचा वेग मंदावला, की त्यातील गाळ पात्रात बसतो. गाळाने पात्र उथळ झाले, की तेवढ्याच पाण्याला पुढील वर्षी अधिक उंची गाठावी लागते. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न आधीच गंभीर आहे. तेथे पाणी जास्त दिवस साचून राहणे म्हणजे केवळ एका हंगामाचे नुकसान नव्हे, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात.

संशयाची सुरुवात २००५ मध्ये

धरणाचे काम पूर्ण झाले, त्याच वर्षी म्हणजे २००५ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापुराने वेढले. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची, तर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोका पातळी अनुक्रमे ४५ व ४३ फूट आहे. २०२१ मध्ये पंचगंगा ५६ फुटांच्याही वर गेली. तीन महापुरांनंतर 'अलमट्टी' हा शब्द या भागात भीतीचा पर्याय झाला.

तथापि, २०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने वेगळा निष्कर्ष काढला. अलमट्टी व हिप्परगीच्या फुगवट्यामुळे सांगली-कोल्हापुरात थेट पूर येत नाही. अल्पावधीतील अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे ही कारणे अधिक महत्त्वाची आहेत, असे समितीचे म्हणणे होते. कर्नाटकाकडून हाच आधार पुढे केला जातो. कृती समित्यांना तो मान्य नाही. पुढे शासनाने रुरकी येथील राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडेही फुगवट्याचा अभ्यास सोपविला.

प्रश्न उंचीइतकाच वेळेचा

हा वाद केवळ भिंतीच्या उंचीचा नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. जुलैअखेर धरण जवळपास भरून ठेवले, तर ऑगस्टमधील मोठा प्रवाह सामावून घेण्यास त्यात जागा उरत नाही. २०१९ मध्ये अलमट्टीतून ५ लाख क्युसेकपेक्षा अधिक विसर्ग करावा लागला. हा विसर्ग आधीच वाढविला असता तर, हा पूरग्रस्तांचा सवाल आहे. पावसाळ्याच्या मध्यापर्यंत अलमट्टीतील साठा मर्यादित ठेवावा आणि जमखंडीजवळील हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे खुले असावेत, ही त्यांची मागणी त्यातूनच आली आहे. उंची वाढल्यास शंभर टीएमसी अधिक पाणी याच चार महिन्यांत अडवावे लागणार. साठवण वाढल्याने पूर सामावण्यास जागा वाढते, असा प्रतिवाद करता येतो; परंतु ती जागा ऐन पुरात रिकामी ठेवली तरच तो खरा ठरेल.

हाच नियम आपल्या धरणांनाही लागू पडतो. कोयना, वारणा, राधानगरी येथील साठ्याचे नियोजनही तपासले पाहिजे, असे धरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनी २०१९ नंतर मांडले होते. शिवाय, निळ्या पूररेषेच्या आत झालेली बांधकामे आणि पुलांच्या जोडरस्त्यांचे मातीचे भराव हे पाण्याची वाट अडवितात. ते दूर करण्यासाठी कर्नाटकाच्या संमतीची गरज नाही.

पुढे काय?

मे २०२५ मध्ये अंकली येथे कोल्हापूर व सांगलीतील लोकप्रतिनिधी आणि शेतकऱ्यांनी चक्का जाम आंदोलन केले. महाराष्ट्र शासनानेही कर्नाटकाकडे लेखी हरकत नोंदविली असून, न्यायालयीन लढ्याची भूमिका जाहीर केली आहे. न्यायालयात भावनेपेक्षा मोजमापाला महत्त्व असते. नदीपात्राचे छेद, गाळाची जाडी, धरणांतील तासागणिक पातळी आणि विसर्ग यांच्या नोंदी दोन्ही राज्यांनी खुल्या केल्या, तर समितीचा निष्कर्ष बरोबर की पूरग्रस्तांचा अनुभव, याचा निवाडा होऊ शकेल.

इचलकरंजीच्या दृष्टीने या विषयाची निकड अधिक आहे. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वारणा, दूधगंगेकडे पाहावे लागणाऱ्या या वस्त्रनगरीला पावसाळ्यात त्याच खोऱ्याचे पाणी उंबरठ्यापर्यंत आलेले दिसते. यंत्रमाग, घरे आणि ऊस या तिन्हींची सुरक्षितता पंचगंगेचे पाणी कृष्णेत किती लवकर उतरते, यावर अवलंबून आहे. म्हणूनच उंचीवाढीपूर्वी फुगवट्याचा निःपक्ष अभ्यास आणि चालू पातळीवरही साठ्याचे बंधनकारक वेळापत्रक, या दोन मागण्यांवर येथील नागरिकांनी ठाम राहणे आवश्यक ठरते.