ताबा आणि मालकी

कर्जतच्या तहसील कचेरीत 'रस्ता केस' म्हटलं की कुणालाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेताकडे जाणारी बैलगाडीची वाट कुणीतरी तारेचं कुंपण घालून अडवतं आणि अडलेला शेतकरी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावतो. तोही सहा महिन्यांच्या आत. मग स्थळपाहणी होते, पंचनामा होतो. बांधावर उभं राहून चाकोरी पाहिली जाते, शेजारच्या खातेदारांना विचारलं जातं. कुंपण घालणारा सातबारा पुढे करतो, जागा माझ्या नावावर आहे म्हणतो. त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: इथे वहिवाट बघायची, मालकी नाही. मालकीचं काय ते दिवाणी कोर्टात.

ताबा वेगळा आणि मालकी वेगळी, हे आपल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. मुलखाच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही हा फरक विसरतात. एखाद्या सैन्याने परका प्रदेश व्यापला की तो आता त्यांचाच झाला, तिथे त्यांचाच कायदा चालणार, कचेऱ्यांतून शिपाईच बसणार, असं आपण गृहीत धरतो. कर्जत-खालापूरचा इतिहास नीट पाहिला तर यातलं बरंचसं खोटं ठरतं.

"सैन्य बसलं की मुलूख गेला." यातला मुलूख गेला हा भाग सर्वात आधी तपासायला हवा.

१७८० मध्ये मुंबईकर इंग्रजांनी कल्याण घेतलं. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं आणि मुंबईच्या तिजोरीत खडखडाट होता. कोकणातला भात ऐन कापणीला येत होता. कर्नल हार्टले याच्या फौजेने पावसाळ्यानंतर कल्याणच्या आसपासचा पट्टा मराठ्यांपासून मोकळा ठेवला आणि त्या जोरावर भाताचं बरंचसं पीक इंग्रजांच्या हाती लागलं. म्हणजे ताबा हा नकाशासाठी नव्हता, खळ्यासाठी होता. ज्याने नांगरलं, लावणी केली, त्याच्या दारात वसुलीला या वर्षी वेगळाच माणूस उभा. कुळाच्या बाजूने पाहिलं तर परक्या सैन्याचा अंमल पहिल्यांदा जाणवतो तो असा, धान्याच्या मापात.

फेब्रुवारी १७८१ मध्ये जनरल गॉडार्ड बोरघाट घेऊन खोपोलीत तळ देऊन बसला. वर पुण्यावर जाण्याची धमकी, खाली वाटाघाटी, असे दोन महिने गेले. एप्रिलमध्ये तो पनवेलकडे मागे फिरला तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी त्याला वाटभर सतावलं. चारशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढच्याच वर्षी, मे १७८२ मध्ये, सालबाईचा तह झाला. १७७४ पासून धरून ठेवलेली साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण वसईसह पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख त्यांना परत द्यावा लागला. कल्याणचा ताबा दोन वर्षांचा, मालकी एका दिवसाचीही नाही. मधल्या काळात वसूल मात्र झाला होता, आणि तो कुणी कुळांना परत केला नाही.

यालाच आता कायद्याची भाषा आहे. १९०७ च्या हेग नियमांप्रमाणे शत्रूच्या सैन्याचा प्रत्यक्ष अंमल बसला की तो प्रदेश व्यापलेला समजायचा. त्यातून सार्वभौमत्व मिळत नाही. आधीचे कायदे, अगदीच अशक्य नसेल तर, पाळायचे. कर घ्यायचा असेल तर शक्यतो आधीच्याच नियमांनी घ्यायचा आणि त्यातून कारभाराचा खर्चही करायचा. रहिवाशांकडून निष्ठेची शपथ सक्तीने घ्यायची नाही. १७८१ च्या खोपोलीला यातलं काहीच लागू नव्हतं. पण हे नियम का लिहावे लागले हे समजायला त्या काळचा भाताचा हंगाम पुरेसा आहे.

दुसरा गैरसमज आपल्या शाळेच्या पुस्तकांनी पक्का केला आहे. "पेशवाई १८१८ ला बुडाली, तेव्हा हा भाग इंग्रजांनी जिंकला." कर्जत-खालापूरचा पट्टा त्याआधीच कागदावर गेला होता. १३ जून १८१७ च्या पुणे तहात दुसऱ्या बाजीरावाने फौजेच्या खर्चापोटी जो मुलूख तोडून दिला त्यात कल्याणसह उत्तर कोकण होतं. खडकीची लढाई त्यानंतर, ५ नोव्हेंबरला. म्हणूनच त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेशव्यांच्या माणसांनी कर्जतचा कोथळीगड अचानक हल्ला करून घेतला. आपण सोडलेला गड ते परत मिळवत होते. डिसेंबरअखेर इंग्रजांनी तो पुन्हा घेतला. पेठ गावातून गडावर गेलात तर सुळक्याच्या पोटात कोरलेला तो जिना जरूर चढा. एवढ्याशा गडावरून दोन महिन्यांत दोनदा निशाण बदललं, आणि खालच्या गावच्या पाटलाला दोन्ही वेळा तोच दस्त गोळा करायचा होता.

"लष्करच कारभार चालवतं," या समजुतीचं खरं उत्तर त्या पाटलात आहे. राजमाचीच्या डोंगराच्या दोन अंगांना तेव्हा दोन वेगळ्या तऱ्हा होत्या. घाटावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन कमिशनर. त्याच्या हाताखालचे ग्रँट, पॉटिंजर, ब्रिग्ज, रॉबर्टसन हे जिल्हाधिकारी पेशाने लष्करी, कॅप्टन दर्जाचे. हा खरोखर फौजेच्या ताब्यातला कारभार होता. तरी त्यांना दिलेल्या सूचना फौजी नव्हत्या: महसूल मक्त्याने देणं बंद करा, प्रत्यक्ष लागवडीवर हलका आकार घ्या, नवे कर बसवू नका आणि मुख्य म्हणजे नवेपणा करू नका. घाटाखाली मात्र उत्तर कोकण मुंबई सरकारच्या सरळ अमलाखाली, ठाण्याच्या कलेक्टरकडे. कर्जत त्यानंतर बराच काळ ठाणे जिल्ह्यातच होतं. १८९१ मध्ये ते कुलाब्यात आलं आणि खालापूर हा त्याचा पेटा, म्हणजे पोटतालुका. चौकहून माथेरानचा डोंगर १८५० मध्ये चढून गेलेला मॅलेट हा ठाण्याचाच कलेक्टर होता.

सूचना सौम्य होत्या याला दयाळूपणा कमी, नाइलाज जास्त कारणीभूत होता. कुठल्या शेताचा आकार किती, कुणाला सूट, कुठलं इनाम, कुठल्या देवळाची जमीन, हे सगळं मोडीतल्या दफ्तरांत आणि पाटील-कुळकर्ण्यांच्या डोक्यात. बंदुकीने गड घेता येतो, जमाबंदी करता येत नाही. त्यासाठी रुमाल सोडून कागद वाचणारा माणूस लागतो. तो माणूस आधीच्या राजवटीचाच असतो. मामलेदार हे पदसुद्धा इंग्रजांनी आणलेलं नाही, ते पेशवाईतलं आहे. आणि घाटावर वरच्या मक्तेदाराला हटवून पगारी मामलेदार नेमला गेला, तेव्हा जुन्या कारभाऱ्यांतलीच माणसं त्या जागी आली.

पण यावरून उलट टोकाला जाऊन "मग काहीच बदललं नाही" असं म्हणणंही चूक, आणि मला ही चूक जास्त घातक वाटते. नाव तेच राहतं, आतला अधिकार सरकतो. पाटील पूर्वी गावाचा आणि सरकारचा मधला माणूस होता. हळूहळू तो सरकारचा शेवटचा नोकर झाला. पंचायतीचा न्याय एल्फिन्स्टनला टिकवायचा होता, तरी कोर्ट आलं तसा तो आटत गेला. १८२७ ची त्याची नियमावली मात्र एक मोठी गोष्ट लिहून गेली. लिखित कायदा नसेल तिथे आधी देशातली रूढी बघायची. आज बांधावर वहिवाट विचारली जाते, तिच्यामागे हीच दृष्टी आहे. वतनदारी संपली ती स्वातंत्र्यानंतर; पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली.

व्याप्त प्रदेशात नोकरीवर राहिलेला कारकून, मास्तर किंवा पाणीपुरवठ्याचा फिटर गद्दार ठरतो का? लोक पटकन हो म्हणतात. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने याचा विचार केला आहे. ताबा घेणाऱ्याला न्यायाधीशांचा, अधिकाऱ्यांचा दर्जा बदलता येत नाही आणि सद्सद्विवेकाला स्मरून काम नाकारणाऱ्याला शिक्षा करता येत नाही. राहणारा आणि जाणारा, दोघांनाही संरक्षण आहे. कारण नळाला पाणी कुणीतरी सोडलंच पाहिजे. इराकमध्ये मे २००३ मध्ये पॉल ब्रेमर यांच्या पहिल्याच आदेशाने बाथ पक्षाच्या वरच्या थरातली माणसं सरकारी पदांवरून दूर झाली. कचेऱ्या, शाळा, रुग्णालयं चालवणारे अनुभवी लोक एका झटक्यात गेले आणि त्याची झळ वर्षानुवर्षं सामान्य इराकी माणसाला बसली.

आपल्याकडे हैदराबादेत सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य गेलं. त्यानंतर मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर होते, पण मुलकी कारभाराचे प्रमुख डी. एस. बखले हे सनदी अधिकारी होते.

गोव्यात डिसेंबर १९६१ पासून जून १९६२ पर्यंत मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर होते. तिथे हा ताबा-मालकीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलेल्या फादर मोंतेरो यांचं म्हणणं होतं की गोवा व्याप्त प्रदेश आहे, म्हणून जिनिव्हा कराराप्रमाणे मला बाहेर काढता येणार नाही. १९६९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की लष्करी ताबा हा तात्पुरता असतो. २० डिसेंबर १९६१ पासून गोवा भारतात विलीन झाला, घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने तो भारताचा भाग ठरला, तिथे ताबा संपला आणि सार्वभौमत्व सुरू झालं. पण मालकी बदलली म्हणून कायदा बदलला नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात तसाच ठेवला गेला, आणि आजही गोव्यातली जोडपी लग्नासाठी नागरी निबंधकाच्या कचेरीत दोनदा सही करायला जातात.