निकाल सापडला, पण तो शेवटचा होता का?

माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा असतो का? हल्ली हा प्रश्न वकिलाआधी मोबाइलला विचारला जातो. क्षणात निकालांची लांबलचक यादी समोर येते. पहिला निकाल उघडायचा, चार ओळी वाचायच्या आणि ‘आपलं काही होणार नाही’ असं ठरवून टाकायचं, हे अनेक घरांत घडतं. पण पहिला दिसलेला निकाल हाच शेवटचा शब्द असेल, असं मुळीच नाही.

एकच प्रश्न, वेगवेगळी उत्तरं

९ सप्टेंबर २००५ रोजी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क मिळाला. पण वडील त्या तारखेच्या आधीच वारले असतील तर?

२०१५ मध्ये ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की त्या दिवशी वडील हयात असायला हवेत. २०१८ मध्ये ‘दानम्मा’ प्रकरणात वडील २००१ मध्येच वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने गोंधळ मिटवला. हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील हयात असण्याची अट नाही. २०१५ च्या निकालातलं मत चुकीचं ठरलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पूर्ण झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहिल्या.

आता विचार करा, एखाद्या बहिणीच्या मोबाइलवर २०१५ चा निकाल सर्वांत वर आला आणि तिने तेवढाच वाचला, तर ती निमूटपणे हक्कसोडपत्रावर सही करून बसेल.

शोधयंत्र नेमकं काय करतं?

जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, हे ती सांगते. शोधयंत्राकडे लाखो निकालांची अशीच सूची तयार असते. तुम्ही लिहिलेले शब्द कोणत्या निकालांत आहेत, किती वेळा आहेत, त्या निकालाचा उल्लेख पुढे किती निकालांनी केला, अशा हिशेबाने क्रम लावला जातो. म्हणजे भरपूर चर्चा झालेला जुना निकाल नव्याच्या वर येऊ शकतो. तो आज लागू आहे की नाही, हे क्रमांकावरून कळत नाही.

लग्नाच्या यादीची कसोटी

शोधयंत्र चांगलं की वाईट, हे तज्ज्ञ दोन मापांनी ठरवतात. ती समजायला लग्नाच्या आमंत्रणांची यादी पुरेशी आहे. यादीतली किती नावं खरोखर बोलवायची होती, हे झालं पहिलं माप, म्हणजे अचूकता. बोलवायच्या सगळ्या माणसांपैकी किती जण यादीत आले, हे दुसरं, म्हणजे व्याप्ती. चार नावं जास्त आली तर खोडता येतात. पण सख्ख्या आत्याचं नाव राहिलं तर रुसवा वर्षानुवर्षं पुरतो. कायद्याच्या शोधातही तसंच आहे. निरुपयोगी निकाल बाजूला सारता येतो, पण राहून गेलेला निकाल राहिलाय हे आपल्याला कळतच नाही.

१९८५ मध्ये ब्लेअर आणि मॅरन या अमेरिकन अभ्यासकांनी नेमकं हेच मोजलं. एका मोठ्या खटल्यातली सुमारे ४० हजार कागदपत्रं, म्हणजे साडेतीन लाख पानं, संगणकावर होती. उपयोगाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के हाती लागलेत, असं वकिलांना वाटत होतं. प्रत्यक्षात सापडले होते सरासरी अवघे २० टक्के. कारण साधं होतं. एक बाजू ज्याला ‘अपघात’ म्हणत होती, त्यालाच दुसऱ्या बाजूच्या कागदांत ‘घटना’ किंवा ‘अडचण’ म्हटलं होतं. शब्द बदलला की कागद हरवला.

आपल्याकडे आज हाच पेच कलमांच्या आकड्यांत आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सासरच्या छळाबाबतचं ४९८अ कलम आता ८५ आणि ८६ मध्ये आहे, तर फसवणुकीचं ४२० हे ३१८ मध्ये. फक्त नवा आकडा टाकला तर आधीचे असंख्य निकाल सुटतील, फक्त जुना टाकला तर नवे.

एआयने सांगितलं म्हणून?

चॅटबॉट यादी न देता थेट उत्तर देतो, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने सुचवलेले निकाल न्यायालयात सादर केले आणि ते अस्तित्वातच नसल्याचं उघड झालं. हे निकाल खरे आहेत का, असं विचारल्यावर चॅटजीपीटीने ‘हो’ म्हटलं होतं. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. तेव्हा ज्या निकालाची मूळ प्रत उघडून पाहता येत नाही, तो निकाल नाहीच असं समजा.

शोधताना एवढं करा

• एकाच शब्दावर थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मुळात इंग्रजीत असतात. मुलीच्या हक्कासाठी ‘डॉटर’, ‘कोपार्सनर’, ‘अँसेस्ट्रल प्रॉपर्टी’ असे शब्द इंग्रजीत टाकून वेगवेगळे शोध घ्या. ‘हिंदू सक्सेशन अ‍ॅक्ट, सेक्शन ६’ असाही शोध घ्या.

• तारीख आणि पीठ पाहा. नवा निकाल कोणता आणि किती न्यायाधीशांचा, हे आधी वाचा. मोठ्या पीठाचा शब्द लहान पीठाला मानावा लागतो.

• पुढे काय झालं ते बघा. २००८ पासून सुरू असलेल्या ‘इंडियन कानून’ या मोफत संकेतस्थळावर एखाद्या निकालाचा उल्लेख नंतर कुठे झाला, ते दिसतं. तिथेच तो फिरवला गेल्याचं कळू शकतं.

• मूळ प्रत तपासा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘ई-एससीआर’ सुरू केलं. तिथे निकाल मोफत वाचता येतात.

• नव्या अ‍ॅपची परीक्षा घ्या. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारा. ‘वडील २००५ पूर्वी वारले, मुलीला हक्क आहे का?’ यावर २०२० चा निकाल दाखवला नाही, तर बाकीच्या उत्तरांवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

एवढं केल्यावरही वकिलाचा सल्ला घ्याच, कारण तुमच्या घरची वाटणी कधी आणि कशी झाली, हे कोणत्याही शोधयंत्राला ठाऊक नसतं. खर्चाची चिंता असेल तर लक्षात ठेवा, कायद्यानुसार महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मागता येते. त्यासाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. हक्कसोडपत्रावर सही करायला पाच मिनिटं लागतात, ती मागे घ्यायला मात्र वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. त्याआधी एक शोध जास्त घेतलेला बरा.