ओबरआमरगाउचे ख्रिस्तयातना-नाट्य : ग्रामसहभाग आणि संहितेतील परिवर्तन

प्रस्तावना :
जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील ओबरआमरगाउ हे सुमारे पाच हजार लोकवस्तीचे गाव होय. इ. स. १६३३ मध्ये प्लेगच्या साथीत येथील ग्रामस्थांनी येशू ख्रिस्ताच्या यातना व मृत्यू यांचे नाट्य नियमितपणे सादर करण्याचा नवस केला. १६३४ मध्ये पहिला प्रयोग झाला. पुढे दर दहा वर्षांनी, दशकारंभी प्रयोग करण्याची प्रथा रूढ झाली. कोविड-१९ मुळे २०२० चे प्रयोग २०२२ मध्ये पार पडले. प्रस्तुत लेखात या परंपरेतील ग्रामसहभाग व संहिता यांचा विचार केला आहे.

ग्रामसहभाग :
या नाट्यात व्यावसायिक नट नसतात. गावात जन्मलेल्या अथवा किमान २० वर्षे वास्तव्य असलेल्या व्यक्तींनाच भूमिका मिळते. प्रयोगाच्या आदल्या वर्षीच्या 'ॲश वेन्सडे'पासून सहभागी ग्रामस्थ केस वाढवू लागतात. प्रमुख भूमिकांसाठी प्रत्येकी दोन नट निवडले जातात. विवाहित व ३५ वर्षांवरील स्त्रियांना भूमिका नाकारणारा नियम मात्र १९९० च्या सुमारास न्यायालयीन निर्णयामुळे संपुष्टात आला. म्हणजेच 'गाव' या संकल्पनेची व्याप्तीही कालौघात बदलत गेली.

संहितेचा प्रश्न :
एकोणिसाव्या शतकातील संहितेत ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष समग्र ज्यू समाजावर ठेवला गेला होता. १९३४ च्या त्रिशतसांवत्सरिक प्रयोगास हिटलर उपस्थित होता, ही बाब या संदर्भात सूचक ठरते. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने असा सामूहिक दोषारोप अमान्य केला. तरीही संहितेत मूलगामी बदल होण्यास विलंब लागला. १९९० पासून दिग्दर्शन करणारे ग्रामस्थ क्रिस्टिआन श्ट्यूकल यांच्या काळात ज्यू संघटनांशी संवाद वाढला. २००० च्या प्रयोगातून ज्यूंवर पिढ्यान्‌पिढ्या रक्तदोष लादणारे वाक्य वगळण्यात आले. येशू हा ज्यू धर्मपरंपरेतीलच होता, यावर भर देण्यात आला. २०२२ मध्ये ज्यूडासची एक भूमिका इस्लामधर्मीय ग्रामस्थ युवकाने साकारली.

समारोप :
संहितेतील बदलामुळे परंपरा भंगते, असा आक्षेप घेतला जातो. तथापि उपलब्ध सर्वांत जुनी संहिता १६६२ ची असून त्यानंतर तिचे अनेकदा पुनर्लेखन झाले आहे. पूर्वजांचा नवस प्रयोग करण्याचा होता. विशिष्ट शब्दांचा नव्हता. त्यामुळे कोणाचीही अवहेलना न करता तो फेडणे हे परंपरेशी केलेले इमानच ठरते.