पॅरिसला न गेलेलं तोरण

मराठी माणूस भोपाळला जातो तो बहुधा नात्यागोत्यातल्या कार्याला किंवा एम्समध्ये कुणाला दाखवायला. एम्सजवळच्या बाग सेवनियात मुक्काम पडला की यजमान पाहुण्याला मोठा तलाव दाखवतात, श्यामला टेकडीवरची संग्रहालयं दाखवतात. ती पाहावीतच. पण हाताशी आणखी एक दिवस असेल तर शहर ओलांडून विदिशेच्या रस्त्याला लागावं. वाटेत कर्कवृत्त लागतं आणि पुढे थोड्याच वेळात सांचीची टेकडी दिसते. स्तूप तर सगळेच पाहतात. पायथ्याचं संग्रहालय मात्र पुष्कळांकडून घाईत राहून जातं.

हे संग्रहालय लहान आहे आणि माझ्या मते त्याची थोरवी त्यातच आहे. सांचीचं जे उत्तम, ते वर टेकडीवर आपल्या जागी उभं आहे. तसं ते राहील याची दीडशे वर्षांपूर्वी मुळीच खात्री नव्हती.

जनरल टेलरने १८१८मध्ये हे अवशेष पाहिले आणि हौशी उकरणाऱ्यांची रीघ लागली. १८२२मध्ये कॅप्टन जॉन्सनने महास्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. त्या खिंडारापायी पश्चिमेचं तोरण, म्हणजे दगडी प्रवेशद्वार, कोसळलं. सगळा दोष साहेबांच्या माथी मारायलाही नको. अशोकस्तंभ एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला, असं सांगतात. १८५१मध्ये कनिंगहॅम आणि मेसी या ब्रिटिश अधिकाऱ्यांना तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धशिष्यांचे अस्थिकरंडक सापडले. ते पुढे लंडनच्या संग्रहालयात गेले. तोरणाच्या आधारकंसातली एक शालभंजिका, म्हणजे झाडाची फांदी धरलेली स्त्रीमूर्ती, तर १८४२मध्येच ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाली होती.

युरोपातल्या राजधान्यांना तेव्हा सार्वजनिक संग्रहालयं भरायची घाई झाली होती. १८६८मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने भोपाळच्या बेगमांकडे सांचीचं एक तोरणच मागितलं. त्यात हिंदुस्थान सरकारने मोडता घातला. शिल्पांच्या प्रेमापेक्षा ‘फ्रेंचांना कशाला?’ हा विचार त्यामागे अधिक असावा, असा माझा कयास आहे. तोड निघाली ती नकलेची. १८६९-७०मध्ये लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल याने पूर्वेच्या तोरणाचे साचे घेतले. त्यांवरून प्लास्टरची दोन-तीन मजली उंच तोरणं युरोपात उभी राहिली. अस्सल वस्तू जागेवरच राहावी, परदेशी संग्रहालयांनी प्रतिकृतीवर भागवावं, असं कोलचं ठाम मत होतं. त्याच काळात भारहुतच्या स्तूपाचे कठडे कोलकात्याला गेले. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तर चेन्नई आणि लंडनमध्ये वाटली गेली होती. आज अमरावतीला जाणाऱ्याला तिचं वैभव तिथे दिसत नाही, सांचीला दिसतं. प्लास्टरचे एवढे उपकार मानायला हवेत.

पुढे १९१२ ते १९१९ या काळात पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शलने टेकडी साफ केली, ढासळलेलं पुन्हा उभारलं. खर्चाचा मोठा भार भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी उचलला. एका मुस्लिम राज्यकर्तीने बौद्ध स्तूपांसाठी खजिना उघडला, ही गोष्ट भोपाळबाहेर फारशी सांगितली जात नाही. सुट्या सापडलेल्या मूर्ती ठेवायला १९१९मध्ये टेकडीवरच छोटं संग्रहालय झालं. जागा अपुरी पडली, तेव्हा १९६६मध्ये ते पायथ्याशी महाबोधी सोसायटीच्या कॉलेजच्या इमारतीत आलं.

तिथल्या मुख्य दालनात अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष आहे. सारनाथचं राष्ट्रीय बोधचिन्ह झालं, म्हणून हे उपेक्षित राहिलं. याच्यासमोर जरा थांबावं. मथुरेच्या लाल दगडातला कुषाण काळातला बुद्ध, यक्ष, शालभंजिका हेही इथेच भेटतात.

लंडनला गेलेले अस्थिकरंडक स्वातंत्र्याच्या सुमारास परत मिळाले आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. दरवर्षी नोव्हेंबरअखेरच्या उत्सवात त्यांचं दर्शन घेता येतं. एरवी जाणार असाल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.